काजळीची मालकीण

"डोकं वळलंय," डॉक्टर म्हणाले. त्यांचा हात खांद्यापर्यंत घोडीच्या आत होता आणि गाल तिच्या मांडीला टेकला होता. "पाय दोन्ही लागतायत हाताला. डोकं मात्र मागे, बरगड्यांकडे गेलंय."

काजळी तबेल्यातल्या गवतावर आडवी पडली होती. घोड्या सहसा रात्री वितात, आसपास कुणी नसताना. हिला भरदुपारी कळा सुरू झाल्या तेव्हाच मालकिणीच्या मनात पाल चुकचुकली होती. आता मालकीण आठव्या महिन्याचं पोट सांभाळत काजळीच्या डोक्याशी बसून होती. मागे तिचा नवरा उभा होता. "तू बाहेर जा, तुला बघवणार नाही," असं त्याने दोनदा सांगून पाहिलं. ती हलली नाही.

काजळी तिची लग्नाआधीपासूनची. अडथळ्यांच्या स्पर्धांमध्ये दोघींनी मिळून बक्षिसं मारली होती आणि एकदा दोघी मिळून नाल्यातही पडल्या होत्या. नवऱ्याची घोडेस्वारीची शाळा होती. काजळीला एक नावाजलेला घोडा दाखवायचा, ही कल्पना त्याची. घोडी गाभण राहिली आणि पुढे तिलाही दिवस गेले. ते कळलं त्याच दिवशी त्याने तिचं खोगीर कपाटात ठेवून कुलूप लावलं. "आता दोघींनाही सुट्टी," तो म्हणाला. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीला सावकाश फेरी मारायला हरकत घेतली नव्हती, पण किल्ली त्याच्या खिशात गेली ती गेलीच. काळजीपोटी करतोय, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

त्याने दोघींची बडदास्तच ठेवली. काजळीला भिजवलेलं धान्य, हिला भिजवलेले बदाम. गारठा पडला की घोडीच्या पाठीवर घोंगडी टाकून मग बायकोसाठी शाल शोधत यायचा. सकाळी दोघींना एकाच वाटेने फिरवून आणायचा आणि आल्यावर पोटावर हात ठेवून थांबायचा, आधी काजळीच्या, मग हिच्या. आत काही हललं की त्याचा चेहरा उजळायचा. शाळेत येणाऱ्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस गं!" तीही हसून मान हलवायची. एवढं कौतुक कुणाला नको असतं?

एकदाच, पाठ धरली म्हणून ती रात्रभर तळमळली होती. सकाळी सांगितलं तर तो घाबरून म्हणाला, "बाळाला काही होणार नाही ना?" तेव्हा तिला त्याचंही काही वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी हात बाहेर काढला. बादलीतल्या पाण्यात तो धूत ते म्हणाले, "नाही येत. शिंगरात जीव आहे अजून, पायाला चिमटा काढला की मागे ओढतंय. पण आता वाटा दोनच. पोट फाडून शिंगरू जिवंत काढता येईल, मग इथे अशा जागी घोडी काही उठायची नाही. घोडी हवी असेल तर शिंगराला आतच संपवून तुकड्यांनी काढावं लागेल. कुणाला ठेवू?"

हा प्रश्न मालकाला विचारल्याशिवाय ते पुढे जात नसत.

"शिंगरू," नवरा म्हणाला.

डॉक्टरांचं तोंड अजून पुरतं मिटलंही नव्हतं. चप्पल कुठली घ्यावी यावर दुकानात तासभर घोळ घालणारा माणूस हा. तिने वळून पाहिलं. तो वाकून काजळीची मान कुरवाळत होता, रोजच्यासारखीच, अगदी मायेने.

"घोडी काय, दुसरी आणता येईल," तो म्हणाला.

ती त्या हाताकडे पाहत राहिली. पोटात बाळाने लाथ मारली, तशी तिने ओढणी घाईघाईने पोटावर ओढून घेतली.

"डॉक्टर, घोडी माझी आहे," ती म्हणाली. "काजळीला ठेवा."

"अगं, वेड लागलंय का तुला? इतके महिने मी—"

"मालकीण मी आहे."

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग बॅग उघडली आणि दोघांनाही बाहेर जायला सांगितलं.

संध्याकाळी काजळी उठून उभी राहिली. पाय थरथरत होते, पण उभी राहिली, पाणी प्यायली. शिंगराला नवऱ्यानेच कुंपणाशी खड्डा खणून पुरलं. तो रडला होता, डोळे सुजले होते. खोटं रडणारा माणूस नव्हता तो, हेच तिला जास्त भीतीचं वाटलं.

तरी रोजच्याप्रमाणे तो गरम दूध आणि गोळ्या घेऊन आला. तिच्याशेजारी पलंगावर बसला.

"झालं ते झालं. मी रागावलेलो नाही," तो म्हणाला. "तुझा जीव आहे काजळीवर, कळतं मला." त्याने तिच्या पोटावर हात ठेवला आणि थांबला. आत हालचाल झाली. त्याचा चेहरा उजळला. "आपलं सगळं नीट होणार बघ. तू कसलं टेन्शन घेऊ नकोस. तशीच वेळ आली तर डॉक्टरांशी काय ते मी बोलेन."

तिने दूध संपवलं. पेला खाली ठेवला. त्याचा हात हलकेच उचलून त्याच्याच गुडघ्यावर ठेवला.

"नको," ती म्हणाली. "डॉक्टरांशी माझी आई बोलेल."