भुऱ्याला लागणारा शब्द

"तिसरं बकरं," भोजराज म्हणाला. "हा तिसरं बकरं खाऊन राहिला, अन् डुकरं माझं धान खाऊन राहिले."

भुऱ्या ओसरीवर आडवा पडला होता. थाळी चाटून झाली होती. डोळे मिटलेले.

केशोरीपलीकडचं ते अख्खं गाव भोजराजच्या मालकीचं. समोर त्याला सगळे हुजूर म्हणत. रानडुकरांवर तुटून पडणारा भुऱ्यासारखा कुत्रा आसपास दुसरा नव्हता, म्हणून आठ दिवसांपूर्वी भोजराजची माणसं उदाराम कास्तकाराच्या दारातून त्याला ओढून घेऊन आली. उदारामला विचारायची पद्धत नव्हती. आज मात्र त्याला बोलावणं गेलं होतं, आणि भोजराजच्या हातात बंदूक होती.

दिवाणजी मनिरामनं झालेले उपाय सांगितले. मटण, दूध, तुपातला भात. एक दिवस उपाशी ठेवूनही पाहिलं.

"खाण्यासाठी नाही धावत जी तो," उदाराम म्हणाला. "आमच्या घरी पेजच पिते. त्याले शब्द लागते."

मनिराम चमकला. धानाच्या बांधीत उभं राहून डुकराला डुक्कर म्हणायचं नाही, नाव घेतलं की ते कळप घेऊन येतं, असं सारेच मानत. ज्यानं त्यानं आपल्या घरापुरतं वेगळं नाव ठेवलेलं. कुणाचा मामा, कुणाचा पाहुणा. मनिरामनं दोन्ही नावं भुऱ्याच्या कानात सांगितली. भुऱ्यानं कान हलवला, पण तो माशीसाठी.

"तुमच्या घरचं कोणतं?" भोजराजनं विचारलं.

चारचौघांत काढण्यासारखं नाही, असं उदाराम पुटपुटला. कुत्रा परत द्या, हुजुरांच्याही बांध्या राखून देतो, असंही म्हणाला.

भोजराजनं बंदूक भुऱ्याच्या डोक्याला लावली. "बोल. नाही तं हा गेला."

उदारामचे ओठ हलले. डोळ्यांत पाणी आलं. "मारू नका जी, हुजूर. पण तो शब्द माझ्या तोंडून नाही निघत."

भोजराजच्याच ओसरीवर एक कास्तकार त्याला नाही म्हणत होता. त्यानं बंदूक फेकली आणि उदारामची मानगूट धरली.

"कोणासमोर उभा हायेस, समजते काय? हुजूर-फिजूर ऱ्हाऊ दे. मी हावो या गावचा मालगुजार."

त्या शब्दासरशी, आठ दिवसांत पहिल्यांदाच, भुऱ्या उठला, आणि डुकराची धरतो तशी त्यानं भोजराजची मांडी धरली.