यादीत नसलेला लॅपटॉप

त्याच ऑफिसात काम करणारा दादा वारला, तेव्हा ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्या धाकट्यानं त्याचा लॅपटॉप परवानगीच्या यादीतून काढून टाकला. यादीबाहेरचं यंत्र जोडलं की नेटवर्कचा स्विच त्या वायरीची जागा, म्हणजे तो पोर्टच, बंद करतो. मग ते सख्ख्या भावाचं का असेना.

तेव्हापासून रोज सकाळी नऊला दादाचा पोर्ट बंद पडायचा. नोंद एकच: दादाचा लॅपटॉप. तो तर कपाटात कुलपात होता. टेबलावर नुसती वायर लोंबत होती.

"घे बाबा त्याला यादीत, रोजची कटकट!" साहेब वैतागले.

आज धाकट्यानं घेतलं. पोर्टचा दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

साडेदहाला वहिनीचा फोन आला. ती रडत होती.

"भावजी, रोज दहाला हे ऑफिसातून घरी परत येतात. आज आलेच नाहीत हो."