तमाशाच्या गाडीची डिश

टपावर बसवायची डिश दाखवत दुकानदाराने विचारलं, "तमाशाच्या गाडीत टीव्ही कशाला, ताई?"

"माझी लेक महाराष्ट्राकडून कबड्डी खेळते. तिचा एकही सामना मी पाहिलेला नाही," फडाच्या मालकीण छबूताई म्हणाल्या. "पण ही नको. आमची गाडी कायम तंबूला नाहीतर झाडाला खेटून उभी असते, टपावरून आभाळ दिसत नाही. स्टँडवाली द्या, लांब वायरीची. उघड्यावर नेऊन लावू."

पुढच्या जत्रेत ढोलकीवाल्याने ती डिश शेजारच्या शेतात उभी केली. गाडीतल्या छोट्या पडद्यावर लेक निकिता दिसली आणि अख्खा फड दाराशी गोळा झाला.

तेवढ्यात जत्रेचे पुढारी तणतणत आले. "तंबू भरलाय! खेळ सुरू करा, नाहीतर सुपारी परत द्या."

"घ्या परत," पडद्यावरची नजर न काढता छबूताई म्हणाल्या. "लेकीचा सामना संपेपर्यंत मी जागची हलणार नाही."

पुढारी काही बोलणार, तोच गाडीत जल्लोष झाला. त्यांनी मान आत घालून पाहिलं. "यातली तुमची कोणती?"

"ती बघा, कुणाच्या हाती लागत नाही ती."