रंगमास्तरचं कसब

बसा हो, एक गोष्ट सांगतो. सोलापुरात चादरींच्या कारखान्यात व्यंकय्या रंगमास्तर वारला. मरायच्या आधी मालकानं मशीन लावून त्याचं कसब काढून घेतलं आणि आपल्या मेहुण्याच्या डोक्यात भरलं. मेहुणा झाला साहेब! पण त्याला रंगातलं ओ की ठो कळेना. आज त्यानं लाल रंगाची टाकी नासवली आणि वर तिथंच कामाला असलेल्या मास्तरच्या बायकोला, अंबूबाईलाच झापलं.

कारखान्यातल्या बाया म्हणाल्या, "मालकाला सांग जा. परत मशीन लावून डोकं पुसून टाकतील मेल्याचं!"

अंबूबाई तरातरा निघाली. मागनं साहेबाची हाक आली, "अंबू, जेवलीस का गं?"

आवाज साहेबाचा, पण बोलणं थेट मास्तरचं. मशीननं कसब सोडून हेवढंच उचललं होतं, आणि डोकं पुसलं की हेही जाणार.

ती माघारी आली, नासकी टाकी घासाय लागली.

तुम्हाला मालक भेटले तर बोलू नका हो काही.