तान्ह्यांची खोली

लेकीला घ्यायला पाळणाघरात गेले, तेव्हा ते चालवणाऱ्या सुलभाकाकू लॅपटॉपवर पुढच्या वर्षांचं नियोजन करत होत्या.

"एकूण आकड्यात तोटा कुठे होतो ते कळत नव्हतं, वहिनी," शेजारी बसलेले त्यांचे दीर म्हणाले. पाळणाघरात त्यांचीही भागीदारी होती. "आता वयाप्रमाणे फोड केलीत, तर बघा. सगळा तोटा तान्ह्यांच्या खोलीत. ती बंद करा."

माझी लेक सात महिन्यांची. मी नुकतीच पुन्हा नोकरीवर रुजू झाले होते. तिला खांद्याशी धरून मी दारातच उभी राहिले.

"आणि नफा शाळा सुटल्यावर येणाऱ्या मुलांचा, बरोबर?" काकू म्हणाल्या. "मग त्यांचीही फोड करू. आपल्याकडे पहिल्यांदा आली, तेव्हा ती केवढी होती?" त्यांनी नवा रकाना घेतला आणि एकेका नावापुढे भरत गेल्या. "हा रांगत आला. ही पाळण्यात होती. ह्याला तर मान धरता येत नव्हती, आता मलाच उलट बोलतो."

पडद्यावरच्या आलेखात नफ्याचा खांब दोन रंगांत विभागला गेला. जवळजवळ सगळा खांब तान्हेपणी आलेल्यांचा होता.

"ही खोली बंद केली, भाऊजी, तर काही वर्षांनी शाळा सुटल्यावर इथे कोण येणार? तुम्ही?"

दीर हसले. "राहू दे खोली."

काकूंनी मान वर केली. "अगं, तू अजून इथेच? ये, पुढच्या वर्षांच्या यादीत हिचंही नाव घातलंय."

मी वाकून पाहिलं. उद्या हिला ताप तर येणार नाही ना, यापलीकडे माझा विचार जात नव्हता. काकूंनी तिला चौथीपर्यंत धरलं होतं.