तोंडी नाही

सहा नंबरच्या खाटेवरचे आजोबा दोन चाळीसला गेले आणि साडेचारला साहेबांनी मीटिंग लावली. खोलीत चौघंच होती. हॉस्पिटलचा कारभार बघणारे साहेब, वॉर्डच्या इन्चार्जबाई, सकाळच्या पाळीची सिस्टर आणि दुपारच्या पाळीची. दुपारची नोकरीला लागून तीनच महिने झाले होते.

"मी फॉर्ममधलं सगळं वाचलं होतं," ती पुन्हा म्हणाली. "जेवण घेतलं, असंच होतं त्यात. म्हणून गोळीबरोबर पाण्याचा पेला दिला. ते एक घोट प्यायले आणि…"

"कळलं. बस." साहेबांच्या आवाजात राग नव्हता. साहेब कधीच रागवत नसत. त्यांनी सकाळच्या सिस्टरकडे पाहिलं. "पाणी पिताना त्यांना ठसका लागतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

सकाळच्या सिस्टरला सगळा वॉर्ड 'रेडिओ' म्हणायचा. पाळी बदलताना ती खाटेखाटेपाशी थांबून पुढच्या सिस्टरला इत्थंभूत सांगायची. सकाळपासून कोण कण्हत होतं, कोणाचा लेक येऊन भांडून गेला, कोण पोट साफ झालं म्हणून चक्क थापा मारतंय. दीड महिन्यापूर्वी ते बंद झालं. आता प्रत्येक पेशंटचा फॉर्म टॅबवर भरायचा, चौदा रकाने, आणि टॅब पुढच्या पाळीच्या हातात द्यायचा.

"माहीत होतं," रेडिओ म्हणाली. "अर्धांगात घसाही गेला होता त्यांचा. मी उठवून बसवलं आणि चमच्याचमच्यानं पाजलं."

"मग फॉर्ममध्ये का नाही?"

"रकानाच नाही, साहेब. जेवण घेतलं की नाही, एवढंच विचारलंय. घेतलं होतं."

"खाली शेऱ्याला जागा आहे."

"तीस खाटा आहेत. शेरे लिहीत बसलं की फॉर्म उशिरा जातो, आणि उशिरा गेला की यादीत वॉर्डचं नाव लाल होतं."

"बरं, मग तोंडानं सांगायचं होतं," साहेब म्हणाले. "त्याला कोण नाही म्हणालं असतं?"

रेडिओनं इन्चार्जबाईंकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे.

दोन वाजता पाळी बदलताना तिनं दुपारच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला होता. "अगं, सहा नंबरचं जरा ऐक," एवढंच म्हणाली होती. दारात उभ्या असलेल्या इन्चार्जबाई हसून म्हणाल्या होत्या, "तोंडी नाही. सगळं त्यात आहे." दीड महिन्यात हे वाक्य त्या इतक्या वेळा बोलल्या होत्या की आता ते आपोआप बाहेर पडायचं. सुरुवातीला सगळ्याजणी कुरकुरत होत्या तेव्हा त्यांनीच एकेकीला बाजूला घेऊन समजावलं होतं. नवी चप्पलसुद्धा चार दिवस चावते, म्हणाल्या होत्या.

"ती सांगत होती," इन्चार्जबाई म्हणाल्या. "मी थांबवलं."

साहेबांचं पेन थांबलं.

"सिस्टर, आपण इथे कोणाला दोषी ठरवायला बसलेलो नाही." त्यांनी लिहायला घेतलं, लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "फॉर्ममध्ये ठसक्याचा रकाना वाढवणे. कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण."

"मी थांबवलं, तेही लिहा ना."

"त्यानं काय साधणार आहे?" साहेब समजुतीनं म्हणाले. "हा बदल तुमच्या वॉर्डानं सगळ्यांत आधी अंगवळणी पाडला. सत्त्याण्णव टक्के फॉर्म वेळेवर. बाकीच्या वॉर्डांना मी तुमचं उदाहरण देतो. तुम्हीच डगमगलात तर त्यांनी बघायचं कोणाकडे? प्रशिक्षण तुम्हीच द्या. लोक तुमचं ऐकतात."

"आजोबांचाही फॉर्म वेळेवर होता," रेडिओ म्हणाली.

साहेबांनी फाईल मिटली आणि उठता उठता म्हणाले, "घरच्यांना श्वास अडकला, एवढंच सांगायचं."

इन्चार्जबाई वॉर्डात आल्या तेव्हा सहा नंबरची गादी उचलून भिंतीला उभी केलेली होती. सात नंबरवर एक सुतार होता, माळ्यावरून पडून कंबर मोडलेला. नऊ दिवस तो तिथेच उताणा होता. दुपारचं सगळं त्यानं मान वळवून पाहिलं होतं. त्यानं बाईंना बोटानं जवळ बोलावलं.

"बाई, घरी जाण्याआधी माझं त्या पोरीला सांगून जा."

"तुमचं सगळं लिहिलेलं आहे, दादा."

"असू दे लिहिलेलं. तिला इथं बोलवा. माझ्यासमोर सांगा."

बाईंनी हाक मारली. मुलगी आली. तिचे डोळे सुजले होते. टॅब टेबलावरच ठेवून ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, आणि दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून बाईंच्या तोंडाकडे बघू लागली. शेजारच्या दोन-तीन खाटांवरच्या माना वळल्या.

"हे सात नंबर," इन्चार्जबाई म्हणाल्या.

पुढे काय सांगायचं, ते टॅबशिवाय त्यांना सुचेना. सुतार हनुवटी वर करून ऐकायला तयार होता.