आर्लिसची फेरी

"काय केलं हो तिनं तुमचं, काका?" बक हॉफरनं माईक ऑर्व्हिल लुंडीनच्या तोंडासमोर धरला. "लाजू नका. इथं सगळे पोळलेलेच बसलेत."

स्टँडमध्ये हशा उसळला. ऑर्व्हिलनं वर पाहिलं. एकही फळी रिकामी नव्हती. जागा न मिळालेली माणसं तारेच्या कुंपणाला लोंबकळत होती.

बकच्या या मातीच्या ट्रॅकवर शनिवारी शंभर माणसं जमायची मारामार होती. लोक यावेत म्हणून त्यानं शाळेच्या बसची शर्यत लावली, आज्यांना तिकीट माफ केलं. कोणी फिरकलं नाही. मग त्यानं जाहीर केलं, काडीमोड झालेल्या नवऱ्याची नाहीतर बायकोची वस्तू घेऊन या. ज्याच्या कहाणीला सगळ्यात जास्त आरडाओरडा होईल, त्याची वस्तू बसखाली चिरडू. शर्यतीची गाडी असेल तर आधी एक फेरीसुद्धा मारू देऊ. अर्धं विस्कॉन्सिन लोटलं.

ऑर्व्हिलनं गाडीच आणली होती. जांभळी, पत्र्याला जागोजाग ठिगळं लावलेली. दारावर, चालवणाऱ्याचं रंगवतात तसं, नाव होतं. आर्लिस. ट्रेलरवर लादून त्यानं ती इतक्या लांब आणली, कारण इथं त्याला कोणी ओळखत नव्हतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की त्याची बायको आर्लिस कॅन्सरनं गेली.

ती गावातल्या ट्रॅकवर बायकांच्या शर्यतीत गाडी पळवायची. ही शर्यत मुख्य शर्यतीच्या आधी असे. ती सुरू झाली की पुरुषमंडळी बिअर आणायला उठत. आर्लिस जिंकून गाडीच्या टपावर चढायची तेव्हा समोर नुसत्या फळ्या असायच्या. आजारपणात ती म्हणाली होती, "गाडी विकू नकोस. त्या सीटवर दुसरीचं बूड नको. आणि शेडमध्ये गंजू पण देऊ नकोस. एकदा भरल्या स्टँडसमोर फिरव, आणि मग मोडून टाक." तिच्यामागोमाग गावातला ट्रॅकही बंद पडला. भरलेलं स्टँड फक्त इथं होतं. आणि इथं आत यायचं तर काडीमोड झालेला नवरा व्हावं लागत होतं.

"बोला की," बक म्हणाला. "आमच्या पण दोन गेल्यात."

ऑर्व्हिलनं घसा खाकरला. येताना वाटेत घोकलेलं वाक्य त्यानं म्हटलं, "पळाली. आमचं छप्पर दुरुस्त करायला आलेल्या पोराबरोबर."

"आणि छप्पर?"

हे त्यानं घोकलं नव्हतं. "अजून गळतंय," तो म्हणाला.

स्टँड कोसळायचंच बाकी राहिलं. पाय आपटून माणसांनी फळ्या दणाणून सोडल्या. त्याच्या आधी कोणी लग्नाचा झगा आणला होता, कोणी मासेमारीची होडी, कोणी भुसा भरलेलं हरीण. कोणालाच असा आवाज मिळाला नव्हता.

"भवानीचं नाव काय हो?"

"दारावर लिहिलंय."

बकनं ते वाचलं आणि माईकवर आरोळी ठोकली. मग सगळं स्टँड तेच ओरडायला लागलं. आर्लिस! आर्लिस! मध्येमध्ये शिव्याही होत्या.

ऑर्व्हिल गाडीत शिरला. सीट तिच्या उंचीची होती. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट मागे घ्यायला त्याचं मन झालं नाही. त्यानं गाडी सावकाश, कुंपणाला अगदी लगटून नेली, म्हणजे नाव सगळ्यांना वाचता यावं. वरून बिअरचे पेले आले. काच फेसानं भरली. एक बाई कुंपणावरून वाकून दारावर थुंकली. तरी त्यानं वेग वाढवला नाही. शिव्या का देईनात, पण तिची गाडी जाताना एक माणूस जागचा उठून गेला नव्हता.

फेरी संपली. त्यानं गाडी मधल्या मैदानात लावली, उतरला, आणि बस सुरू झाली.

"ऑर्व्हिल."

कुंपणाच्या दारातून एक बाई त्याच्याकडे येत होती. त्यानं चालीवरून ओळखलं. ट्रूडी. आर्लिसबरोबर शर्यतीत असायची. नवऱ्याला सोडल्यावर ती दूर निघून गेली होती. मघाची होडी घेऊन आलेली बाई हीच, हे त्याला आत्ता उमगलं.

"आमची आर्लिस अशी निघाली?" ट्रूडीचे डोळे लाल झाले होते. "मी दरवर्षी नाताळला कार्ड पाठवते तिला. एका ओळीचं उत्तर नाही. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं. आणि ही बया तिकडे पोरगा घेऊन मजेत!"

ती कार्डं घरी फ्रिजवर पडून होती. ऑर्व्हिलला उत्तर लिहिणं जमलं नव्हतं.

"ट्रूडी, तसं नाही ते."

"मी घर सोडलं तेव्हा मला शिकवत होती. नवऱ्याला असं अर्ध्यात टाकू नये म्हणून. रात्रभर बसून शिकवलं मला! आज इथं दिसली असती ना, तर सगळ्यांच्या देखत तोंडावर थुंकले असते. गाडीवर थुंकलेच."

मागे बसची चाकं टपावर चढली. पत्रा करकरला. स्टँड गर्जलं. ऑर्व्हिलनं वळून पाहिलं नाही. त्यानं ट्रूडीचा दंड धरला.

"ती मेली, ट्रूडी. मी खोटं बोललो. ती कुठं पळाली नाही. कॅन्सर झाला होता तिला. माझ्याच हातावर गेली. भरल्या स्टँडसमोर एक फेरी, एवढंच मागितलं होतं तिनं, आणि मला दुसरं कुठं ते मिळेना. खरं सांगतोय."

 ट्रूडीचा राग हळूहळू उतरला. तिनं त्याचा हात दंडावरून अलगद सोडवला आणि थोपटला.

"माझा नवरा पण दारात येईल त्याला हेच सांगतो," ती म्हणाली. "ट्रूडी मेली म्हणून."